पुरून उरलेले की काढून ठेवलेले? – राष्ट्रीय जैवइंधन धोरणाचे चिकित्सक वाचन

शासनाने प्रसिद्ध केलेले एखादे धोरण हा ईशज्ञानाच्या अभ्यासकाच्या वाचनाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या लिखाणावरून देशाच्या कोठारातील धान्य कोणाच्या घरी जावे आणि कोणत्या कारखान्यात जावे हे ठरते, त्या लिखाणातील शब्द तपासणे हे आपल्या अभ्यासाला परके काम नव्हे. पवित्र शास्त्राचे वाचन करताना एका शब्दाच्या अर्थावर सबंध उताऱ्याचा अर्थ कसा अवलंबून असतो, हे आपण जाणतो. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात असा एक शब्द आहे. तो म्हणजे ‘अतिरिक्त’. प्रस्तुत लेखात या एका शब्दाच्या आधारे त्या धोरणाची चिकित्सा करावयाची आहे.

इंग्रजी मसुद्यातील ‘सरप्लस’ या शब्दासाठी शासकीय हिंदीत ‘अधिशेष’ म्हणतात. मराठीत आपण ‘अतिरिक्त’ किंवा ‘शिल्लक’ म्हणतो. पण ‘शिल्लक’ हा जमाखर्चाच्या वहीतला शब्द आहे. घराघरांत वापरला जाणारा आपला शब्दप्रयोग निराळा आहे: ‘पुरून उरणे’. त्यात क्रम सांगितलेला आहे. आधी पुरावयाचे आणि मग उरावयाचे. ज्या घरात पंगतीतील शेवटच्या माणसाला वाढण्यापूर्वीच भांडे बाजूला काढून ठेवतात, त्या घरात अन्न ‘उरले’ असे कोणी म्हणत नाही. या धोरणातील अतिरिक्त धान्य हे पुरून उरलेले आहे की पुरण्यापूर्वी काढून ठेवलेले आहे, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

१. दोन धोरणे, दोन भाषा

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. २००१ साली मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली परिसर येथे प्रायोगिक स्वरूपात मिश्रण सुरू झाले. २००३ मध्ये नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम आरंभिला गेला. त्यानंतर २००९ च्या डिसेंबरात पहिले राष्ट्रीय जैवइंधन धोरण आले. जैवइंधनासाठी अखाद्य पिकेच वापरावीत, आणि तीही शेतीस अयोग्य, निकस व पडीक जमिनीवर घ्यावीत, जेणेकरून अन्न आणि इंधन यांच्यात झगडा उद्भवणार नाही, असे त्या धोरणाने स्पष्टपणे म्हटले होते. मोगली एरंड व करंज यांच्यावर त्या काळी मोठी भिस्त होती.

ती भिस्त फोल ठरली. मोगली एरंड कोरडवाहू माळावर जगतो. परंतु भरपूर बी देण्यासाठी त्यालाही पाणी आणि खत लागते. शिवाय ज्या जमिनीला कागदोपत्री ‘पडीक’ म्हटले होते, ती पुष्कळ ठिकाणी गावाची गायराने होती. भूमिहीनांच्या शेळ्या तेथे चरत आणि सरपणही तेथूनच येई. म्हणजे ‘पडीक’ हा शब्दसुद्धा तपासून घेण्यासारखा होता. असे असले तरी २००९ च्या धोरणाची एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्याने अन्न आणि इंधन यांच्यामध्ये एक कुंपण घातले होते.

२०१८ च्या धोरणाने ते कुंपण काढले. उसाचा रस, शुगरबीट, गोड ज्वारी, मका, कसावा, खराब झालेला गहू, तुकडा तांदूळ, सडके बटाटे या सर्वांपासून इथेनॉल करण्यास त्याने मोकळीक दिली. खराब धान्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु त्याच धोरणात पुढे असेही आहे की, ज्या वर्षी धान्याचे उत्पादन गरजेपेक्षा अधिक होईल असा कृषी मंत्रालयाचा अंदाज असेल, त्या वर्षी अतिरिक्त धान्यही इथेनॉलसाठी वापरता येईल. मात्र त्याला राष्ट्रीय जैवइंधन समन्वय समितीची मान्यता असावी. या समितीचे अध्यक्षपद २००९ च्या धोरणानुसार पंतप्रधानांकडे होते. २०१८ च्या धोरणाने ते पेट्रोलियम मंत्र्यांकडे दिले. समितीत इतर मंत्रालयांचे प्रतिनिधी आहेत हे खरे. तथापि धान्य अतिरिक्त आहे की नाही याचा शेवटचा निर्णय, ज्या खात्याला इंधन हवे आहे त्याच खात्याच्या मंत्र्याच्या अध्यक्षतेखाली व्हावा, ही रचना विचार करावयास लावणारी आहे. भाकरी उरली की नाही हे चुलीला विचारण्यासारखाच हा प्रकार झाला.

२०२२ मध्ये धोरणात दुरुस्ती होऊन वीस टक्के मिश्रणाची मुदत २०३० वरून २०२५-२६ या इथेनॉल वर्षापर्यंत अलीकडे आणण्यात आली. कामगिरीच्या दृष्टीने पाहिले तर यश निर्विवाद आहे. २०१४ च्या सुमारास दीड टक्क्याच्या आसपास असलेले मिश्रण जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा पल्ला गाठला गेला. इतक्या वेगाने इतके इथेनॉल कोठून आले, हे आता पाहावयाचे आहे.

२. मळीचे तीन प्रकार

प्रथम ऊस घेऊ. आपल्या सीमाभागातील वाचकांना साखर कारखान्याची प्रक्रिया ठाऊक आहे; तरीही एक भेद नीट लक्षात घ्यावा. रसापासून साखरेचे दाणे काढता काढता शेवटी जी मळी राहते, जिच्यातून आणखी साखर काढणे परवडत नाही, तिला ‘सी-हेवी’ मळी म्हणतात. ती खऱ्या अर्थाने शेष आहे. तिच्यापासून इथेनॉल केल्याने कोणाच्या तोंडचा घास जात नाही. उलट पूर्वी ओढ्यानाल्यांत दुर्गंधी पसरविणाऱ्या पदार्थाला किंमत येते. त्याच्या आधीच्या टप्प्यावर थांबून, थोडी साखर आत ठेवूनच जी मळी बाहेर काढतात, ती ‘बी-हेवी’. आणि साखर न करता थेट रसापासून किंवा पाकापासून इथेनॉल करणे हा तिसरा प्रकार. पहिल्या प्रकारात उरलेले वापरले जाते. दुसऱ्यात थोडे उरविले जाते. तिसऱ्यात संपूर्ण पीकच इंधनासाठी घेतले जाते. ‘उसाचे इथेनॉल’ या एकाच नावाखाली हे तिन्ही प्रकार येतात आणि पहिल्याचे पुण्य तिसऱ्याच्या खाती जमा होते.

२०२३ साली या भेदाची कसोटी लागली. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. महाराष्ट्र व कर्नाटकात उसाचे पीक घटेल असे दिसू लागताच, ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. आठवडाभरातच ती शिथिल करून सतरा लाख टन साखरेइतक्याच वळवणुकीस परवानगी दिली आणि पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठविले. त्याच २०२३ च्या जुलैत अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी देणे थांबले होते आणि बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवरही बंदी आली होती.

टंचाईच्या वर्षी शासनाने अन्नाला अग्रक्रम दिला याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. परंतु यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली, अन्न आणि इंधन यांचा झगडा काल्पनिक नाही. धोरणकर्त्यांनाही तो मान्य आहे. दुसरी, हा अग्रक्रम धोरणात लिहिलेला नाही. तो वेळ येईल तेव्हा आदेशाने आणला जातो. परिणामी कर्ज काढून आसवनी उभारणारा कारखाना, त्याला ऊस घालणारा शेतकरी आणि साखर विकत घेणारा ग्राहक, तिघेही पुढील आदेशाची वाट पाहत राहतात.

३. कोठारातील तांदूळ

दुसरा प्रवाह धान्याचा. २०२३-२४ या इथेनॉल वर्षापासून धान्यापासून होणारे इथेनॉल उसापासून होणाऱ्या इथेनॉलपेक्षा अधिक झाले. त्यात मक्याचा वाटा मोठा आहे. जानेवारी २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलचा खरेदी दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे करण्यात आला. वर्षानुवर्षे मका निर्यात करणारा आपला देश त्याच वर्षी आयात करू लागला. मका हे कोंबडीचे प्रमुख खाद्य आहे. आणि अंडे हे गरिबाच्या ताटातील सर्वांत स्वस्त प्रथिनांपैकी एक आहे. आसवनीतून निघणारा प्रथिनयुक्त चोथा पशुखाद्य म्हणून परत येतो, ही जमेची बाजू सांगितली पाहिजे. मात्र तो दळलेल्या धान्याच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांशच असतो. शेतकऱ्यालाही या मागणीने कायमचा आधार मिळाला असे नाही. २०२५ च्या अखेरीस उत्तर कर्नाटकातील बाजारांत मक्याचा भाव हमीभावाच्या खाली घसरला होता.

परंतु सर्वांत बोलके उदाहरण तांदळाचे आहे. २० एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदी चालू असताना आणि शहरांतून बाहेर पडलेले मजूर रस्त्यांवर असताना, समन्वय समितीने अन्न महामंडळाकडील अतिरिक्त तांदूळ हात स्वच्छ करण्याचे द्रव व इंधन यांसाठी वापरण्यास मान्यता दिली. पुढे २०२४-२५ या इथेनॉल वर्षासाठी बावन्न लाख टन तांदळास मंजुरी मिळाली. जानेवारी २०२५ पासून त्याचा दर क्विंटलला २,२५० रुपये ठेवण्यात आला. महामंडळाला तो तांदूळ खरेदी करून साठविण्यास येणारा खर्च याहून पुष्कळच अधिक असतो. ही तूट सार्वजनिक तिजोरीतून भरून निघते.

बावन्न लाख टन म्हणजे किती? शिधापत्रिकेवर माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते, वर्षाला साठ किलो. या हिशेबाने बावन्न लाख टनांत सुमारे आठ कोटी सहासष्ट लाख माणसांचा वर्षाचा शिधा भरतो. याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवावा. अन्न सुरक्षा कायद्याखालील लाभार्थ्यांची संख्या आजवर २०११ च्या जनगणनेवरून ठरली. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. दरम्यान लोकसंख्या वाढल्यामुळे दहा कोटींहून अधिक लोक यादीबाहेर राहिले, असा अंदाज ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा व मेघना मुंगीकर या अभ्यासकांनी २०२० साली मांडला होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील शंभरांपैकी पस्तीस मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे.

येथे न्यायाने बोलावयास हवे. हे लोक यादीबाहेर राहिले ते इथेनॉलमुळे नव्हे. २०२५ साली कोठारांत बफर साठ्याच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक तांदूळ होता. तो तसाच राहिला असता तर त्याचा काही भाग किडला असता, हा शासनाचा युक्तिवादही पोकळ नाही. केवळ तांदूळ दिल्याने मुलांचे कुपोषण जात नाही, त्यासाठी डाळ, दूध, अंडी आणि स्वच्छ पाणी लागते, हेही खरे आहे. परंतु प्रश्न क्रमाचा आहे. यादी वाढवावी असे म्हटले की कायद्याची मर्यादा आणि खर्चाचा भार पुढे करावयाचा, आणि त्याच धान्यावर तोटा सोसून ते आसवनीला द्यावयाचे, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की ‘अतिरिक्त’ या शब्दाचा धोरणातील खरा अर्थ कळतो. ज्यांची नावे मोजली आहेत त्यांना देऊन जे राहिले ते अतिरिक्त. ज्यांना मोजलेच नाही त्यांची भूक या हिशेबात येत नाही.

एका टन तांदळापासून सुमारे साडेचारशे लिटर इथेनॉल मिळते. म्हणजे एका माणसाच्या महिन्याच्या पाच किलो शिध्यापासून सव्वादोन लिटर. वीस टक्के मिश्रणाच्या सव्वाअकरा लिटर पेट्रोलला ते पुरते. स्कूटरच्या टाक्या दोनदा भरल्या की संपले.

४. पाण्याचा हिशेब

धान्याइतकाच पाण्याचाही विचार केला पाहिजे. ५ जून २०२१ रोजी, म्हणजे पर्यावरणदिनी, नीती आयोगाचा इथेनॉल मिश्रणाचा पथदर्शक आराखडा प्रसिद्ध झाला. तो प्रामाणिक आहे, असे म्हणावेसे वाटते. कारण स्वतःला अडचणीचे ठरतील असे आकडे त्याने लपविले नाहीत. ऊस आणि भात ही दोन पिके मिळून देशातील सिंचनाच्या पाण्यापैकी सत्तर टक्के पाणी वापरतात, एक टन उसापासून शंभर किलो साखर व सत्तर लिटर इथेनॉल मिळते, आणि साखरेपासून एक लिटर इथेनॉल करावयाचे तर सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे तो आराखडा सांगतो. ग्रामीण नळपाणी योजनेत माणशी रोज पंचावन्न लिटर पाणी धरले जाते. त्या मापाने एक लिटर इथेनॉलमागे एका माणसाचे बावन्न दिवसांचे पाणी जाते. शेताला लागणाऱ्या पाण्यात पावसाचाही वाटा असतो, म्हणून ही तुलना तंतोतंत मानू नये. पण अंदाज येण्यास ती पुरेशी आहे.

आकडे दिल्यानंतर त्यांचे काय करावयाचे, याविषयी मात्र आराखडा फारसा पुढे जात नाही. मक्यासारख्या कमी पाण्याच्या पिकांकडे वळावे एवढे तो सुचवितो. परंतु शेतकऱ्याने उसाकडून मक्याकडे का वळावे? उसाला ठरलेला भाव, ठरलेला ग्राहक आणि आता इथेनॉलमुळे आणखी एक बाजार. कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांच्या खोऱ्यांत ऊस वाढतो तो शेतकऱ्याच्या आळसामुळे नव्हे. त्याच्यासमोर ठेवलेल्या हिशेबामुळे. ज्या मिरजेत इथेनॉल मिश्रणाचा पहिला प्रयोग झाला, त्याच मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये आगगाडीने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. आणि लातूर हा स्वतः साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. पाण्याच्या टंचाईची कारणे अनेक असतात. त्यांत पिकाची निवड हे एक मोठे कारण आहे, हे त्या गाडीने दाखविले.

५. हवामानाचा दावा

इथेनॉल जळताना निघणारा कर्बवायू पिकाने आधी हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून ते स्वच्छ इंधन आहे, असा साधा युक्तिवाद केला जातो. नीती आयोगाच्या अभ्यासाचा आधार देऊन शासनाने २०२५ मध्ये असे सांगितले की, पेट्रोलच्या तुलनेत उसाच्या इथेनॉलमुळे हरितगृह वायूंचे उत्सर्जन ६५ टक्क्यांनी आणि मक्याच्या इथेनॉलमुळे ५० टक्क्यांनी कमी होते. उसाच्या बाबतीत यात तथ्य आहे. कारण कारखाना चिपाडावर चालतो, बाहेरचे इंधन थोडे लागते. परंतु धान्याच्या आसवनीला बाहेरून उष्णता लागते आणि ती कोळशावर निर्माण केली तर लाभ घटतो. नत्रयुक्त खतांमुळे शेतातून नायट्रस ऑक्साइड निघतो. उष्णता धरून ठेवण्याच्या बाबतीत तो कर्बवायूच्या सुमारे पावणेतीनशे पट प्रबळ आहे. भाताच्या खाचरांतून मिथेन निघतो. वरील दोन आकड्यांत तांदूळ नाही, हे लक्षात ठेवावे.

याहून महत्त्वाचा मुद्दा जमिनीचा आहे. जे धान्य इंधनात गेले ते खाणारे लोक आणि जनावरे नाहीशी होत नाहीत. त्यांच्यासाठी कोठेतरी दुसरी जमीन नांगरली जाते. अमेरिकेने २००५ व २००७ च्या कायद्यांनी मक्याच्या इथेनॉलची सक्ती केली. टिमोथी सर्चिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली असे दाखविले की, नव्याने नांगरलेल्या जमिनीचा हिशेब धरला तर मक्याचे इथेनॉल तीस वर्षांच्या काळात पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट उत्सर्जन करते. त्यांचा अंदाज फार कडक आहे अशी टीका झाली. परंतु २०२२ मध्ये टायलर लार्क व सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींचा अभ्यास करून तेथील मक्याचे भाव तीस टक्क्यांनी वाढल्याचे, मक्याखालील क्षेत्र जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढल्याचे, आणि ते इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वच्छ नसून बहुधा चोवीस टक्क्यांनी अधिक कर्बयुक्त असल्याचे म्हटले. त्यावरही वाद झाले. युरोपीय संघाने मात्र २०१५ मध्ये खाद्यपिकांच्या इंधनावर सात टक्क्यांची मर्यादा घातली आणि २०१८ च्या निर्देशाने पामतेलासारख्या, जंगलतोडीस कारण होणाऱ्या पदार्थांना २०३० पर्यंत क्रमाने बाद करण्याचे ठरविले. ज्यांनी हा मार्ग आपल्याआधी धरला ते कोठे वळले, हे आपल्या धोरणकर्त्यांनी पाहावयास हवे होते.

पिकाच्या काडाचा, भुशाचा उपयोग करणारे दुसऱ्या पिढीचे इथेनॉल हा यातील खरा आशेचा भाग आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपत येथे असा कारखाना सुरू झाला. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल काढणे ही त्याची योजना. पण वीस टक्के मिश्रणासाठी आराखड्याने धरलेली गरज १,०१६ कोटी लिटरांची आहे. धोरणाच्या पहिल्या पानांवर काडाचा गौरव आणि प्रत्यक्षात धान्याचा खप, असे हे अंतर आहे.

६. शेतकऱ्याची आणि कोयत्याची बाजू

संयुक्त राष्ट्रांचे अन्नहक्कविषयक विशेष प्रतिवेदक ज्याँ झिग्लर यांनी २००७ साली अन्नापासून इंधन करणे हा मानवतेविरुद्धचा अपराध आहे असे म्हणून त्यावर पाच वर्षांची स्थगिती मागितली होती. त्या वर्षी मेक्सिकोत मक्याच्या भाकरीचे भाव भडकले होते आणि पुढील वर्षी हैतीत अन्नासाठी दंगली झाल्या. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. पण तो निवाडा जसाच्या तसा आपल्याकडे आणता येणार नाही. त्या भाववाढीत इंधनपिकांचा वाटा किती, याबद्दल अर्थशास्त्रज्ञांचे अंदाज तीन टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत विखुरलेले होते. शिवाय आपल्याकडे इथेनॉलमुळे साखर कारखान्यांच्या हाती वेळेवर पैसा आला आणि उसाची थकलेली बिले पुष्कळ प्रमाणात चुकती झाली. ज्याने वर्ष-वर्ष बिलाची वाट पाहिली आहे त्या शेतकऱ्यापुढे इथेनॉलला सरसकट पाप म्हणणे हे निर्दयपणाचे होईल.

तरीही लाभ कोणापर्यंत पोहोचतो हे विचारावेच लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील ऊस उत्पादक टनाला ३,५०० रुपये भाव मागत रस्त्यावर बसले. इथेनॉलच्या उत्पन्नातला आपला वाटा हा त्या असंतोषामागचा एक प्रश्न होता. आणि त्यांच्याही खाली ऊसतोड मजूर आहेत. बीड व आसपासच्या भागांतून मुकादमाकडून उचल घेऊन, नवराबायको मिळून एक ‘कोयता’ या मोजमापाने, ते पश्चिम महाराष्ट्रात आणि आपल्या सीमाभागात येतात, कोपीत राहतात, मुलांची शाळा सुटते. मासिक पाळीत खाडा होऊ नये म्हणून गर्भाशय काढून टाकलेल्या स्त्रियांची वृत्ते २०१९ मध्ये बाहेर आली तेव्हा महाराष्ट्र शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. २०१८ चे धोरण शेतकऱ्याचे उत्पन्न वाढविण्याची भाषा करते. कोयत्याचा उल्लेख त्यात नाही. येथेही ‘अतिरिक्त’ हाच शब्द उपयोगी पडतो. एखाद्याच्या श्रमाला पुरेसा मोबदला देण्यापूर्वी जो नफा उरतो, तोही पुरून उरलेला नसतो.

७. शास्त्राच्या प्रकाशात

पवित्र शास्त्रात कोठारांची कथा आहे आणि ती निरागस नाही. योसेफाने सुकाळातील धान्य साठवून मिसर देशाला दुष्काळातून तारले, हे आपण लहानपणापासून शिकतो. परंतु उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात त्याच कोठाराच्या दारात लोक आधी पैसा, मग गुरेढोरे, मग जमीन आणि शेवटी स्वतःला देऊन बसतात, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. कोठार भरलेले असणे पुरेसे नाही. त्याचे दार कोणासाठी, कोणत्या अटीवर उघडते हेही पाहावे लागते.

लेवीयच्या नियमशास्त्रात शेताची कड कापू नये, सरवा वेचू नये, तो गरीब व परदेशीय यांच्यासाठी ठेवावा, अशी आज्ञा आहे. तेथे गरिबाचा वाटा हा धन्याच्या गरजा भागल्यानंतरचा उरलासुरला भाग नाही; पीक उभे असतानाच तो राखून ठेवलेला आहे. आणि योहानकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांच्या भोजनानंतर उरलेले तुकडे गोळा करण्यास प्रभू सांगतो, ते सर्वांची तृप्ती झाल्यानंतर. बारा टोपल्या भरल्या आणि काही वाया गेले नाही. टाकाऊचा उपयोग करणे हा त्या कथेचा एक भाग आहे, पण तो दुसरा भाग आहे. पहिला भाग असा की, गवतावर बसलेल्या प्रत्येकाला वाढले गेले. आमच्या धोरणाने दुसरा भाग उचलला आहे आणि पहिला सोडून दिला आहे.

८. काय मागावे

धोरण रद्द करा अशी मागणी प्रस्तुत लेखकाला करावयाची नाही. मागणी शब्दाची व्याख्या नीट करण्याची आहे. पहिली गोष्ट, धान्य ‘अतिरिक्त’ ठरविण्याचा अधिकार इंधनखात्याच्या अध्यक्षतेखाली न ठेवता अन्न व पोषणाची जबाबदारी असलेल्या खात्याकडे असावा. आणि शिधापत्रिकांच्या याद्या ताज्या लोकसंख्येप्रमाणे पूर्ण झाल्याखेरीज कोठारातील खाण्याजोगे धान्य आसवनीला देऊ नये. दुसरी, प्रथम शेष, मग पशुखाद्य भागवून राहिलेले धान्य आणि शेवटी पीक, हा क्रम धोरणातच लिहिला जावा. म्हणजे दुष्काळात एका रात्रीत आदेश काढण्याची वेळ येणार नाही आणि कारखान्यालाही आधीच अंदाज राहील. तिसरी, नवीन आसवनीस परवानगी देताना त्या नदीखोऱ्याच्या पाण्याचा हिशेब जाहीर व्हावा. चौथी, इथेनॉलच्या उत्पन्नातून तोड मजुरांच्या निवाऱ्यासाठी, आरोग्यासाठी आणि मुलांच्या शाळेसाठी ठराविक वाटा बांधून द्यावा.

आपल्या मंडळ्यांत ऊस उत्पादक आहेत, कारखान्यांचे नोकर आहेत, शिक्षक आहेत. हंगामात गावाबाहेर कोप्या पडतात त्याही आपल्या सेवाक्षेत्रात येतात. ‘रोजची भाकर आज आम्हांस मिळो’ अशा अर्थाची प्रार्थना आपण एकवचनात करीत नाही. तेव्हा आपल्या गावात किती जणांची नावे शिधापत्रिकेत नाहीत, याची यादी करण्यापासून अभ्यासमंडळांनी आरंभ करावा. ती यादी तहसीलदारांच्या हाती द्यावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. धोरणातील एका शब्दाचा अर्थ बदलावयाचा असेल, तर ज्यांना त्या शब्दाने मोजलेले नाही त्यांची नावे आधी कागदावर आली पाहिजेत.